केवळभाऊंची पायाची अक्षरं

केवळभाऊ,

तुमच्या तेरवीच्या कार्डाचा मजकूर तुमच्या घरच्या सगुणाबाई परवा देऊन गेल्या. वहीच्या पानावर चार ओळी आहेत, कुणाकडून तरी लिहून घेतलेल्या. एरवी एवढं काम मी चहा निवायच्या आत जुळवून मोकळी होते. परवापासून मात्र तुमच्या नावातल्या पहिल्या अक्षराचा शिशाचा खिळा उचलते आणि परत खणात टाकते. तुम्ही इथे असता तर म्हणाला असता, "बाई, खिळे काय शेंगदाणे आहेत, नुसते चिवडून राहिल्या?" म्हणायला तुम्ही नाहीत, म्हणूनच तर चिवडते आहे.

कार्डं उद्या सकाळच्या पवनीच्या गाडीने तुमच्या गावी, कोंढ्याला जायला हवीत. त्याआधी मला तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे. पाच वर्षं सांगायची राहिली आहे. तुम्ही समोर होतात तेव्हा कोणत्याही दिवशी सांगता आली असती, पण माझी जीभ नको तिथेच चालते हे तुम्हाला माझ्याइतकंच ठाऊक आहे. शिवणीच्या लाकडी अक्षरांबद्दल आहे ती. त्या दसऱ्याबद्दल. सरळ तिथे जायचा धीर होत नाही, म्हणून जरा लांबून येते. तुम्हाला आता कुठली गाडी गाठायची आहे?

हे गेले तेव्हा मी बत्तीस वर्षांची होते. साकोलीच्या बसस्टँडमागे दोन खोल्यांचा छापखाना, एक पायाने चालवायचं यंत्र, शिशाच्या खिळ्यांचे खण आणि तुम्ही, एवढं मागे राहिलं होतं. दिवस उरकले तसे दीर म्हणाले, बाईमाणसाने छापखाना चालवला तर लोक हसतील, विकून टाकू. तुम्ही कोपऱ्यात कुणाच्या तरी लग्नपत्रिकेची जुळवलेली अक्षरं फर्म्यात, लोखंडी चौकटीत, आवळत होतात. मान वर न करता बोललात, "हसू द्या. हसता हसता पत्रिका तं छापतील ना?" दुसऱ्या दिवशी मला स्टुलावर बसवून माझ्या हातात एक खिळा दिलात. मी म्हटलं, हे उलटं आहे, मला वाचता येत नाही. तुम्ही हसलात. "मले सुलटं नीट येत नाही, बाई. चौथीतून निघालो आन् इथं येऊन उलटंच शिकलो. तुमी सुलटं पाहा, मी उलटं पाह्यतो. दोघं मिळून एक मानूस होते."

त्या एका वाक्यावर मी पुढची सोळा वर्षं काढली. हे कधी बोलले नाही तुमच्याशी. तुमच्याशी मी बोलले ते सगळं भांडणच. शाई दाट झाली, कागद तिरका गेला, तंबाखू खिडकीतून थुंकता, शंकरपटाचं, बैलांच्या शर्यतीचं बोलावणं आलं की काम टाकून पळता. तुम्ही ऐकून घ्यायचात आणि शेवटी म्हणायचात, "झालं? आता पान लावू?" राग यायचा तो त्याचाच.

ती इंग्रजी अक्षरांची पेटी आठवते ना? यंत्रासोबत नागपूरहून आली होती, साहेबाच्या काळातली. निम्मीअधिक अक्षरं हरवलेली, उरलेली लाकडाची, जाडजूड, आणि प्रत्येकाला खालीवर चौकोनी ठोकळ्यासारखे पाय. कधीकाळी सर्कशीच्या नाहीतर घोड्यांच्या बाजाराच्या जाहिराती छापल्या असतील त्यांनी. आम्हाला त्यांचा उपयोग शून्य. त्यातला एक 'एच' मी दार वाऱ्याने आपटू नये म्हणून खाली लावत असे. एका दुपारी तुम्ही तो उचललात, धोतराच्या सोग्याने पुसलात आणि बराच वेळ उन्हात धरून पाहत बसलात. तुमचे वडील सुतार होते, लाकूड हातात आलं की तुमचा चेहरा बदलायचा.

"पाहा बाई, हा इंग्रज कसा जोडे घालून उभा आहे. आपला 'म' काहून अनवाणी?"

मी म्हटलं, आपल्या अक्षरांना पाय कशाला? ती वरच्या रेघेला धरून असतात, दोरीवरच्या कपड्यांसारखी. लटकणाऱ्याला पाय लागत नाहीत.

"लटकलेला मानूस जित्ता नसते, बाई," तुम्ही म्हणालात.

मला पटलं नाही. आजही पटलेलं नाही. शाळेत मला एका गुरुजींनी अक्षर कसं वळणदार काढायचं ते शिकवलं होतं, आणि तुम्ही त्याला कोनाचे ठोकळे लावायला निघाला होतात. आपला वाद शेवटपर्यंत तिथेच राहिला. तुम्ही म्हणायचे, "नाटकाचा कागद घरात बसून वाचाचा नाही. थो बैलगाडीतून जाता जाता दिसला पायजे. भितीवर पाय रोवून उभा राह्यला पायजे." आणि मी म्हणायचे, उभा राहील, पण दिसेल गावठी. त्यावर तुमचं उत्तर ठरलेलं होतं. "मंग आपुन काय शहरातले आहोत?"

नाटकांच्या जाहिरातींसाठी पायाची अक्षरं कोरायचं तुम्ही ठरवलंत आणि लाकडाचा प्रश्न आला तेव्हा तुम्ही म्हणालात, शिवण. शिवण वाकत नाही, चिरत नाही, ढोलक्या तिच्याच होतात. तुमच्या कोंढ्याच्या बांधावर तुमच्या वडिलांनी लावलेली एक होती. तुम्हाला ती अंधाऱ्या पाखात, म्हणजे कृष्णपक्षात, तोडायची होती. चांदण्या पाखात लाकडात पाणी चढलेलं असतं, ते पुढे दगा देतं, असं तुमचं म्हणणं. मी हसले. पंधरा दिवस थांबलात तर धानकापणी लागेल, मग तुम्ही माझ्या हाती लागणार नाही, आणि पुढच्या मंडईलाही, दिवाळीनंतरच्या त्या जत्रा-नाटकांनाही, अक्षरं होणार नाहीत, असा माझा हिशेब. "लाकडाला काय चंद्र दिसतो, केवळभाऊ?" असं मी म्हटलं. हे वाक्य माझं होतं. नीट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तुम्ही झाड तोडलंत, चांदण्या पाखातच. वर्षभर त्याचे ठोकळे चुलीवरच्या माळ्यावर धुरात सुकवलेत. मग रोज जेवणाच्या सुट्टीत एकेक अक्षर. आधी कागदावर उलटं काढायचं, मग पटाशी, मग बारीक कानस, शेवटी काचेच्या तुकड्याने घासणं. सगुणाबाईंचा डबा कित्येकदा तसाच परत जायचा. कान्याची अक्षरं सोपी, कान्याच्या बुडाशी पाय बसतो. 'द'ने आणि 'ह'ने तुम्हाला रडवलं. आणि 'ळ'ने तर हात टेकायला लावले. दोन गोळे आणि मधे काही नाही, पाय लावायचा कुठे? चारदा कोरलात, चारदा फेकलात. आणि तो तुमच्याच नावात. मी चिडवायचे, सगळ्या गावाला पाय दिलेत आणि स्वतः लंगडेच राहिलात.

आंधळगावच्या नाटकवाल्या मंडळींनी पहिली जाहिरात छापून घेतली. दोन कागदांवर अर्धं अर्धं नाव, ते खळीने जोडायचं. तांबड्या शाईत ती चार बोटं उंच अक्षरं पहिल्यांदा कागदावर उमटली तेव्हा मला मान्य करावंच लागलं, पण तोंडाने नाही. ज्यांना वाचता येत नव्हतं तेही थांबून पाहत. मग मंडई असो, शंकरपट असो, की कुठल्या गावचं नाटक, लोक येऊन सांगायचे, "ते पायाचे अक्षरं लावजा." तुमचं नाव कुणाला माहीत नव्हतं. बसस्टँडच्या भिंतीवर जाहिरात लागली की तुम्ही हात मागे बांधून तिच्यासमोर उभे राहायचात, जणू काही गाडीची वाट पाहताय. मी छापखान्याच्या दारातून पाहायचे. साकोलीला त्या वेळी गाडी कधी यायची आणि तुम्ही कधीपासून उभे असायचे, ते मला चांगलं ठाऊक होतं.

एकदा एक धानाचे व्यापारी आले. वडील वारले होते, तेरवीचं कार्ड छापायचं होतं, वडिलांचं नाव पायाच्या अक्षरांत हवं होतं. मोठा माणूस, मोठं काम. तुम्ही सरळ नाही म्हणालात. "मरणाच्या कागदावर हे अक्षरं नाही लावत, शेटजी. मेलेल्याच्या नावाले पाय लावले तं थो जाईल कसा? दारातच उभा राहील ना." ते चिडून भंडाऱ्याला निघून गेले. मी तुम्हाला दोन दिवस बोलले. हा कुठला नियम, कुणी सांगितला, तुमच्या आजाने की पणजाने? तुम्ही म्हणालात, "कोनी नाही सांगतलं. मीच बनवला. अक्षर माहे, नियम माहा." मग मी बोलायची थांबले. तेव्हापासून मरणाची कार्डं आपण बारीक शिशाच्या खिळ्यांतच जुळवत आलो.

आता दसरा.

दसऱ्याला सगळ्यांचीच हत्यारं घासून पुजतात. आपल्याकडे यंत्र, खण, फर्मे, कात्री, सगळं धुऊनपुसून मांडायचं. त्या वर्षी तुम्ही नवरात्राचं म्हणून दोन दिवस कोंढ्याला गेला होतात आणि 'ळ' सोबत नेला होतात, पाचव्यांदा कोरायला. जाताना सांगून गेलात, "लाकडाले मी येऊन पाह्यतो, बाई. रॉकेल आन् कोरडं फडकं, बस." मी हो म्हटलं. मग शिशाचे खिळे धुवायला गरम पाण्यात सोडा कालवला. शिशाला तेच लागतं, दहा वर्षं तेच करत आले होते. खिळे चकचकीत निघाले. आणि बाजूला तुमची अक्षरं, सहा-सात मोसमांची शाई त्यांच्या कोपऱ्याकोपऱ्यात खपल्यांसारखी बसलेली. मला वाटलं, पूजेला ही अशी काळी मांडायची? आपल्या छापखान्याची शोभाच ती. मी ती घंगाळात घातली, केवळभाऊ. सगळीच्या सगळी. सोड्याच्या गरम पाण्यात. वर हाताने दाबूनही धरली, तरंगत होती म्हणून. दोन-तीन तास ठेवली, ब्रशने घासली, आणि अंगणात उन्हात मांडली.

काय दिसत होती म्हणून सांगू. हळदीसारखी पिवळी. वाळल्यावर जरा पांढुरकी पडली तर वरून रॉकेलचा बोळा फिरवला.

दसऱ्याच्या सकाळी तुम्ही आपट्याची पानं घेऊन आलात. मांडलेली अक्षरं पाहून दारातच थांबलात. 'भ' उचललात, अंगठा फिरवलात, नाकाशी नेलात. "रॉकेलनंच पुसले ना, बाई?"

"हो," मी म्हटलं.

या एका शब्दासाठी मी आज एवढं लिहिते आहे. खोटं बोलायचं कारणही नव्हतं. तुम्ही काय केलं असतं? चार दिवस तोंड फुगवलं असतं. अक्षरं वेळीच सावलीत, वजनाखाली सुकवली असती. कदाचित निम्मी वाचलीही असती. पण मी मालकीण होते, सण होता, आणि तुम्ही सांगून गेलेलं मी ऐकलं नव्हतं. एवढ्या फुसक्या गोष्टीसाठी मी खोटं बोलले.

दिवाळी झाली. मंडईच्या नाटकाची जाहिरात घ्यायला आंधळगावची तीच मंडळी आली, ओटीवर बसली. तुम्ही अक्षरं फर्म्यात लावायला घेतली तर एक उंच, एक बुटकं, एकाची पाठ फुगलेली. खाली कागदाचे तुकडे देऊन तुम्ही सगळी समतल केलीत, आवळलीत, यंत्रावर चढवलीत. पहिल्याच दाबाला 'भ'चा पाय कट्‌कन सुटून पडला. दुसऱ्या दाबाला 'स' उभा चिरला. तुम्ही यंत्र थांबवलंत. खाली वाकून तो पाय उचललात आणि तळहातावर घेऊन उभे राहिलात.

आंधळगावच्या एकाने विचारलं, "काहून, काय झालं?"

"माही चूक," तुम्ही म्हणालात. "चांदण्या पाखात झाड तोडलं मी. बाबानं लावलेली शिवण होती. थे दगा देनारच होती."

मी तुमच्यापासून चार हातांवर होते. हातात कोऱ्या कागदांचा गठ्ठा होता. मला फक्त म्हणायचं होतं, नाही केवळभाऊ, पाणी. एक शब्द. आणि चंद्राची चेष्टा करून तुम्हाला घाई करणारी मीच होते, तेही तुम्ही बोलला नाहीत. परक्यांसमोर मला वाचवलंत. मी कागद मोजत असल्यासारखं केलं.

ती मंडळी नागपूरहून जाहिराती छापून घेऊन आली. गुळगुळीत कागद, नट्यांचे रंगीत चेहरे. पुढच्या वर्षी सगळ्यांनाच तसले कागद हवे झाले. ते एका अर्थी होणारच होतं, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे. रात्रंदिवस सांगून पाहिलं. त्याने तुमच्या तळहातावरचा तो पाय काही हलत नाही.

नवी अक्षरं करू, मी म्हटलं होतं तुम्हाला. बीजाच्या लाकडाची करू, सागाची करू. तुम्ही मान हलवलीत. "माह्या हाताचं लाकूड आता इमानदार राह्यलं नाही, बाई. घरचंच झाड असं करते तं बाहेरचं काय करील?" फुटकी अक्षरं पोत्यात भरून माझ्याकडे दिलीत. "चुलीत घाला. शिवण चांगली जळते." हे तुम्ही सहज, चेष्टेत बोलल्यासारखं बोललात. त्यानंतर पटाशीला हात लावला नाहीत. वर्षभराने छापखान्यातलं काम एका माणसापुरतंच उरलं, तेव्हा तुम्हीच सांगितलंत, "तुमी एकल्या चालवा. तुमाले आता उलटं वाचता येते." आणि गावाकडच्या धानाच्या गिरणीत हमालीला लागलात. कोंड्याच्या धुळीत. आधीच तंबाखूने पोखरलेली तुमची छाती.

तिथून पुढचं माझ्या खोट्यामुळे झालं का? डॉक्टरला विचारलं तर नाही म्हणेल. मलाही कधी कधी नाही वाटतं. पण जो माणूस रोज जेवणाच्या सुट्टीत अक्षर कोरत बसायचा, त्याच्या हातातून कोरणं गेलं नसतं तर तो गिरणीत गेला नसता, हे मला कळतं. ते कळायला डॉक्टर लागत नाही.

गेल्या उन्हाळ्यात कोंढ्याला आले होते ती केवळ तब्येत पाहायला नव्हते आले, केवळभाऊ. सांगायलाच आले होते. गाडीत पूर्ण वाक्य जुळवून ठेवलं होतं. तुम्ही अंगणात बाजेवर होतात, खोकल्याने वाकलेले. मला पाहून उठायला गेलात. बांधाकडे हात करून म्हणालात, "तिथं होती पाहा ते शिवण. आता तिथं सावली नाही पडत. बाबाले काय सांगू?" मी बिस्किटाचा पुडा तुमच्या उशाशी ठेवला. उन्हाबद्दल बोलले. सगुणाबाईंच्या हातचा चहा प्यायले आणि परत आले. गाडीत वाक्य तसंच होतं, एक अक्षर हललं नव्हतं.

मग तुम्ही गेल्याचं, कोपरा फाडलेलं पोस्टकार्ड आलं. असलं कार्ड आपण वाचून फेकून देतो, घरात ठेवत नाही. मी ठेवलं आहे.

परवा सगुणाबाई मजकुरासोबत एक पुरचुंडी घेऊन आल्या. "तुमचं आहे. त्याईनं फळीवर ठेवलं होतं. छापखान्याचं सामान, आमच्या घरी कायले?" मी गाठ सोडली. आत 'ळ' होता. दोन गोळ्यांच्या मधोमध खाली एक छोटासा, चौकोनी, नीट घासलेला पाय. तुम्हाला जमला होता तो. पाचव्या खेपेला जमला होता, आणि तुम्ही मला दाखवला नाहीत.

मी तो टेबलावर ठेवला. सपाट बसला. जरासुद्धा हलला नाही. त्याच झाडाचा, त्याच चांदण्या पाखातला, त्याच माळ्यावर सुकलेला. फक्त माझ्या घंगाळात पडला नव्हता.

"हा कदीच वाकडा झाला नाही," सगुणाबाई म्हणाल्या. "पाच वर्षं फळीवर होता. हे मधामधात हातात घेऊन पाहत राह्यत. काय पाहता म्हटलं तं बोलत नव्हते."

तुम्ही सुताराचा मुलगा. एका झाडाची चाळीसेक अक्षरं वाकली, फुटली आणि एकच सरळ राहिलं, आणि ते तेवढंच तुमच्या घरी होतं. तुम्हाला कळलं नसेल? आणि कळलं होतं तर गेल्या उन्हाळ्यात बाजेवरून बांधाकडे हात केलात तो कशासाठी? मला बोलायला जागा करून देत होतात का? की खरंच तुम्हाला झाडच खोटं वाटत राहिलं, आणि तुम्ही त्या एका सरळ अक्षराकडे पाहून नुसते कोड्यात पडत राहिलात? दोन्हीतलं कुठलं बरं, ते मला ठरवता येत नाही. पहिलं असेल तर तुम्ही मला सोळा वर्षं ओळखत होतात आणि शेवटची पाच वर्षं वाट पाहिलीत. दुसरं असेल तर तुम्ही वडिलांचे अपराधी होऊन गेलात. दोन्हीकडे मीच आहे.

मी सगुणाबाईंना सांगितलं. सगळं. घंगाळ, सोडा, दसऱ्याचा तो 'हो'. त्यांनी मधे तोडलं नाही. मला वाटलं रडतील, बोलतील, मजकूर परत घेऊन जातील. त्यांनी पदर सारखा केला, पिशवी उचलली आणि दारात वळून म्हणाल्या, "हे मले कायले सांगता, बाई? त्याईले सांगाले पायजे होतं."

आवाज चढवला नाही त्यांनी. बसची वेळ झाली होती, त्या गेल्या.

म्हणून आज सकाळी मी तुमचा नियम मोडला. पोतं मी जाळलं नव्हतं, माळ्यावर ठेवलं होतं. त्यातून तुमच्या पूर्ण नावापुरती, शेवटच्या 'राम'सकट, अक्षरं काढली. 'क'चा पाय तुटका आहे. 'व' मधोमध चिरलेला. 'र'ची पाठ फुगलेली. कान्याचा पाय आहे, पण ढिला. 'म' त्यातल्या त्यात बरा आहे. खाली कागदाचे तुकडे देऊन समतल केली, तुम्ही करायचे तशी. मधे तुमचा 'ळ' लावला. यंत्रावर चढवायचा धीर झाला नाही. हातानेच शाई लावली, वर कागद ठेवून तळहाताने दाबलं. एकच प्रत काढली. तिरकी, तुटकी, चिरेतून पांढरी रेघ गेलेली, आणि मधे तो एकटा पाय रोवून उभा. तुम्हाला खरं सांगू? 'ळ'ला पाय शोभत नाही. माझं मत तेच आहे. पण उभा आहे.

कागद दाराच्या आत भिंतीला लावला आहे. तुमच्याच नियमाने तुम्ही आता दारात उभे असणार, जाऊ शकत नाही. त्यासाठीच लावला. आता ऐका.

पाण्यात मी घातली होती, केवळभाऊ. सोड्याच्या पाण्यात. तुम्ही नको म्हणून सांगितलं होतं तरी. झाड खोटं नव्हतं. तुमचा हात खोटा नव्हता. वडील भेटले तर त्यांना सांगा, शिवण चांगली होती.

एवढंच होतं. पाच वर्षं लागली.

आता संध्याकाळ झाली. तेरवीचं कार्ड दुपारी जुळवून छापून झालं, बारीक शिशाच्या खिळ्यांत, तुमच्या नियमाप्रमाणे. कोपरेही कापले. भिंतीवरचा कागद काढून घडी घालून ठेवला आहे. तुमच्या नावाची अक्षरं अजून फर्म्यात आहेत, शाईने भरलेली. आता ती सोडते आणि एकेक पुसते, म्हणजे तुम्हाला निघता येईल. समोर रॉकेलची वाटी आहे आणि कोरडं फडकं. या वेळी खरंच.